भर दुपारचा उतारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधला भाग सांगताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. असा गाढवपणा केलाय मी, की काय सांगू!

मे महिना. आमचं घर सावेडीत. माझी लेक सई, दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत घरीच. ही पोरगी भर दुपारी केस मोकळे सोडून गच्चीवर जाऊन बसायला लागली. भिंतीकडे तोंड, सगळे केस चेहऱ्यावर. हाक मारली तर उत्तर नाही. जवळ गेलं की हळूच हसायची.

त्यात तिच्या खोलीत शेवंतीसारखा वास. घरात फूल नाही की अगरबत्ती नाही, मग वास कुठून?

आणि केस! चांगले काळेभोर केस रोज थोडे थोडे फिके. आधी कपाळापाशी, मग भांगाजवळ. विचारलं तर म्हणाली, "कुठं काय? तसेच तर आहेत." आमच्या घराण्यात असे केस कुणाचेच नाहीत हो! मग हे गच्चीवर कोण बसत होतं?

तेवढ्यात कोपरगावहून सासूबाई आल्या. नातीला जिन्यातूनच बघितलं आणि मागं सरल्या.

"सुनंदा, पोरीला बाहेरचं हाय. लिंबू उतरून तीन वाटा मिळत्यात तिथं ठिवून ये."

"अहो आई, तिथं माझ्या वर्गातल्या मुलांची घरं आहेत! बाईंना बघितलं तर?"

"मग तिच्याच डोक्यावर पिळ. अन् उन्हातच वाळू दे. सावलीत आनली का परत धरंल."

आधी ओवाळून मग पिळलं की मी! रोज भर दुपारी. जी पोरगी डोक्याला तेल लावू देत नाही, ती मान खाली घालून मुकाट बसायची. एकदा तर केसांच्या आडून आवाज आला, "आई, आज लिंबू नाही?"

आणि एक दिवस ती वळली. उन्हात सगळं डोकं उसाच्या वाळल्या पाचटासारखं पिवळं! मी किंचाळलेच, "कोण आहेस तू? माझी सई कुठंय?" आणि तिथंच बसून रडायला लागले.

सईनं धावत येऊन मिठी मारली. "अगं आई, मीच आहे! मला केस जरा फिके हवे होते. तू नाही म्हणाली असतीस, म्हणून गुपचूप स्प्रे आणला, फुलांच्या अर्काचा. लावून उन्हात बसलं की हळूहळू रंग उतरतो."

जिवात जीव आला, आणि लगेच रागही आला. "आधी ती बाटली फेक!"

"ती कधीच संपली. मी थांबणारच होते. पण तू लिंबू पिळायला लागलीस, मला वाटलं तुला कळलंय आणि तू मदत करतेयस. आधी ओवाळतेस कशाला, तेवढं मात्र कळेना."

"काहीतरीच! लिंबानं कुठं केसांचा रंग जातो?"

सईनं कपाळाला हात लावला.

"आई, लिंबात आम्ल असतं. तू सातवीला विज्ञानच शिकवतेस ना?"