डिझेलचा वास

"वास आला. उठा."

गुंजी स्टेशनच्या बाकावर बसलेले आप्पा असं म्हणायचे आणि धोतर झटकून उभे राहायचे. सिग्नल अजून लाल, रूळ मोकळे. पण थोड्या वेळात डिझेलची पॅसेंजर धापा टाकत यायचीच. बेळगावला रोज कामाला जाणारे आम्ही त्या नाकाच्या भरवशावर निवांत चहा प्यायचो. आप्पा, रेल्वेनं तुम्हाला पगार द्यायला पाहिजे, असं मी चिडवायची, तर म्हणायचे, गिरणीवाला देतोय तेवढा बास.

बेळगावात एका पिठाच्या गिरणीवर ते कामाला होते. चिमटीत पीठ चोळून जाड की बारीक ते सांगायचे. बायका त्यांच्याशी भांडायच्या आणि दळण मात्र त्यांच्याच हातून घ्यायच्या. मीही त्यातलीच.

मग आमच्या मार्गावर तारा आल्या, डिझेल बंद झालं. विजेची गाडी पहिल्यांदा आली त्या सकाळी नव्या नवरीकडे बघावं तसं तिच्याकडे बघत आम्ही चढलो. आप्पा बाकावरच. दारातून हाक मारली तर भलतीकडेच तोंड करून म्हणाले, "आली व्हय?"

ज्या नाकाचं आम्ही एवढं कौतुक करत होतो, त्याच्या वरचे डोळे पार गेले होते, आणि आमच्यातल्या एकाला म्हणून कळलं नव्हतं!

हाताला धरून त्यांना आत आणलं. खानापूर आलं. मग हळूच म्हणाले, "घरात बोलू नको, आक्का. पोरगा लई चांगला हाय. चांगला हाय म्हणूनच भ्या वाटतंय. कळालं तर बाहीर सोडायचा न्हाय."

मी कुठं बोलतेय! रोज त्यांना धरून न्यायची, धरून आणायची.

एका संध्याकाळी ऑफिसात उशीर झाला, गिरणीवर पोचले तर आप्पा एकटेच निघून गेलेले. धावतपळत बेळगाव स्टेशन गाठलं, गाडीत शिरले, तर आप्पा नाहीत. खिडकीतून बघते तो काय, त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला आमची जुनी डिझेल गाडी, भंगारात जायला उभी केलेली. तिच्या अंधाऱ्या डब्यात आप्पा मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. वासाच्या मागं गेले असणार, दुसरं काय. मी ओरडले. आवाज ओळखून ते म्हणाले, "आक्का, तिकडं कुठं चढलीस? गाडी हितं हाय की."

मी कशीबशी उतरले. तोवर रेल्वेचा पोलिस तिथं पोचलेला. विचारपूस झाली, घरी फोन गेला. मुलगा मोटारसायकलवरून आला. रागावला नाही. बापाला जपून खाली उतरवलं आणि स्वतःचे डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा.

मध्यंतरी त्यांच्या घरी गेले. मुलानं खुर्ची, उशी, रेडिओ, सगळं दिलेलं. सून वेळेवर चहा देतेय. नावं ठेवायला जागा नाही, आणि मला मात्र रडू आवरेना. आप्पांनी विचारलं, ती गाडी अजून उभी हाय काय. नाही, म्हटलं, ओढून नेली, तोडायला.

त्यांनी चाचपडत रेडिओ बंद केला.

"बरं झालं," म्हणाले. "तिला तरी कुणी न्यायला आलं."