अर्ध्या तिकिटाचं ऑफिस

मला एका जागी बसवत नाही. माहेरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला बाकाला बांधा. आणि मी पोटापाण्याचा धंदा पत्करला तो नेमका बसून करायचा. याला काय म्हणावं, ते मला अजून कळलेलं नाही.

लिहायची कामं घ्यायला मी ताडकळसला सासरी आल्यावर सुरुवात केली. आधी मंगलाष्टकं. कुणाकडे लग्न निघालं की दोन्हीकडच्या मामा-मावश्यांची नावं गुंफून कडवी करून द्यायची. कुणाच्या मावशीचं नाव राहिलं तर लग्नात रुसवा, आणि त्याचं खापर माझ्यावर. मग गुरुजींच्या निवृत्तीची मानपत्रं आली, खता-बियाणांच्या दुकानांच्या जाहिराती आल्या, पुढाऱ्यांची भाषणं आली. एका पुढाऱ्याला मी मानपत्रात ‘शांत आणि संयमी’ असं लिहिलं होतं. नेमकी तीच ओळ वाचली जात असताना त्याने माइकवाल्याला सगळ्यांसमोर शिवी हासडली. काम चालत होतं, पण आज आहे आणि उद्या नाही अशी गत. फोन वाजला नाही की जीव वरखाली, आणि वाजला की आता हे कधी पुरं करायचं म्हणून पुन्हा वरखाली.

तशात पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. मोबाइलवर ऐकायची मालिका, तिचे भाग लिहायचे. एक सासू, एक सून, दोन भांडकुदळ जावा, आणि दर दोन-चार भागांनी कुणीतरी जिन्यावरून पडायचं. थोर साहित्य नव्हे, मला माहीत आहे. पण पहिल्यांदा काम नेमाने येऊ लागलं. अट एकच होती. भाग वेळेवर गेला तर पुढचा मिळणार. मला हे काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. यातूनच उद्या कुणी नाव लावून लिही म्हणेल, असं मनात घेऊन बसले होते.

बसले होते म्हणजे बोलायला. घरात बसणार कुठे? नवऱ्याचं बाजारात फवारणीच्या पंपांचं दुरुस्तीचं दुकान. तो सकाळी गेला की घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी मोबाइल घेऊन भिंतीला टेकले की घराला जाग यायची. सिलिंडरवाला यायचा. शेजारीण पोराचा फॉर्म घेऊन यायची. कुणाला आधारचा ओटीपी वाचून हवा, कुणाला नुसतं बोलायला हवं. मी कपाळाला आठ्या घातल्या तर उत्तर ठरलेलं, “घरीच तर हायस की.” नवरा भला माणूस आहे. तोही म्हणायचा, “लिही की घरी बसून, तुला कोण नको म्हणायलंय?” खरंच कुणी नको म्हणत नव्हतं. त्याचाच तर राग यायचा. भांडायलासुद्धा कुणी समोर नाही.

त्यात माझी ही चुळबुळ. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात जायचं, उगाच तुळशीची पानं खुडायची, परत बसायचं, तोवर सुनेच्या तोंडचं वाक्य निसटलेलं.

मग एकदा मला दाढ दाखवायला गंगाखेडला जावं लागलं. परतीला बस उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळतोय, बायका पदराने वारा घेतायत. मी मोबाइल काढला आणि अंगठ्याने लिहायला लागले. दाढ ठणकत होती, तरी परभणी येईपर्यंत अख्खा भाग झाला. कुणी हाक मारली नाही. बस निघाल्यावर तर आणखी बरं वाटलं. बस हलत होती, त्यामुळे मला हलायची गरज पडत नव्हती.

बायकांना अर्धं तिकीट झालेलंच होतं. त्या आठवड्यापासून मी ऑफिस गाठायला लागले. ताडकळसहून परभणी, परभणीहून गंगाखेडमार्गे राणीसावरगाव. तिथे ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरायचे, मी खिडकीशी तशीच बसून राहायचे, आणि त्याच बसने परत. राणीसावरगावात माझं कुणीही नाही. ते गाव मी आतून पाहिलेलं नाही. पण माझ्या मालिकेतली निम्मी भांडणं त्या गावाच्या वाटेवर झालेली आहेत. घरी मी सांगितलं होतं, परभणीला काम असतं. तसं ते खोटं नव्हतं. परभणीला बस बदलावी लागायचीच.

असं काही महिने सुरळीत चाललं. मग माझ्या चुलत दिराने मला पाहिलं.

तो राणीसावरगावला कुणाची तरी म्हैस बघायला गेला होता. त्याने मला बसमध्ये पाहिलं, हाक मारली नाही. बस परत निघाली तशी मीही निघाले, हेही पाहिलं. संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवत नवऱ्याला म्हणाला, “वहिनीचं राणीसावरगावला काय काम असतंय रे दादा? उतरल्या बी न्हाईत. कुणाची वाट बघायल्या व्हत्या का काय की.”

मी सांगितलं, मी बसमध्ये लिहिते. सांगताना माझं मलाच ते इतकं बावळट वाटलं, की एखादं चांगलं खोटं तरी बोलायला हवं होतं असं वाटून गेलं. दीर हसला. नवरा हसला नाही, रागावलाही नाही. तो म्हणाला, “मंग तिकडं जायचंच कामून? लोकं काय म्हणतील? राहू दे आता.” ‘राहू दे’ हे त्याने इतक्या मऊपणे म्हटलं, की ते ठरल्यासारखंच वाटलं. बस गेली की मालिका गेली, हे मला लख्ख दिसत होतं. मी तावातावाने बोलायला लागले, शब्द एकमेकांत अडखळायला लागले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच. लेखिका म्हणवते स्वतःला, आणि ऐन वेळी एक धड वाक्य नाही.

आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “उद्या मी जाते हिच्यासंगं. काय करती बघते.”

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मला वाटलं, झालं, आता घरच्या घरी तपास. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर, नजर समोर. मी मोबाइल काढला. सासू शेजारी बसलेली, आणि मला लिहायचं होतं सासूने सुनेचे दागिने लपवल्याचं. पोखर्णीच्या अलीकडे त्यांनी विचारलं, “काय लिव्हायलीस?” मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ह्यात मी हाय का?”

“नाही, आत्याबाई.”

“कामून न्हाई?”

त्या चक्क खट्टू झाल्या होत्या.

रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला. “कामच करती ती. जाता बी अन् येता बी. मान मोडूस्तोर करती. मी डोळ्यानं बघितलं.” नवऱ्याने मान डोलावली. दिराला त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून काय सुनावलं ते मला कळलं नाही, पण तो चहाला यायचा बंद झाला. मला इतकं हलकं वाटलं, की मी आत्याबाईंच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, “उद्या किती वाजता जायचं?”

मला वाटलं, एखादा दिवस येतील. त्या येतच राहिल्या. स्वयंपाक माझ्याआधी उरकून, डोक्याला तेल लावून, पिशवीत मुरमुरे भरून ओट्यावर बसलेल्या असायच्या. आणि बसमध्ये बसलं की बोलायच्या. घरात दिवसभरात मोजकं बोलणारी ही बाई बस सुटली की सुरू व्हायची. भावकीतलं, शेजारचं, कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे झाड कसलं, ते शेत कुणाचं. मी ‘हूं’ म्हणायचे. ‘हूं’ म्हणत म्हणत सुनेच्या तोंडी भलतंच वाक्य पडायचं. कानात इअरफोन घातले, तर त्यांनी दंडाला हात लावून सांगायला सुरुवात केली. लवकरची बस धरली, तर त्या त्याहून लवकर तयार.

भाग उशिरा जायला लागले. पुण्याच्या कंपनीत माझे भाग बघणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या आवाज चढवत नाहीत. गोड बोलून म्हणाल्या, “ताई, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. माझ्याकडे लिहिणारे थांबलेत.” फोन ठेवल्यावर मी अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात अशा किती चकरा मारल्या कोण जाणे. ज्या माउलीने माझी बस वाचवली, तिच्यापायीच ती बुडायला लागली होती. तिला ‘येऊ नका’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि न म्हणावं, तर हे सगळं घालवून मी पुन्हा मामा-मावश्यांची नावं गुंफायला मोकळी. मला त्यांचा राग यायला लागला होता, हे कबूल करते. त्यांच्या मुरमुऱ्यांच्या आवाजाचासुद्धा यायचा.

शेवटी परभणीच्या स्टँडवर माझा तोल गेला. गर्दीत उभ्या होतो, बस लागायची होती. त्या कुणाच्या तरी बारशाचं सांगत होत्या. मी मध्येच तोडलं आणि जरा चढ्याच आवाजात म्हणाले, “आत्याबाई, तुम्ही बोलता ना, मला लिहिता येत नाही. माझं काम जाईल आता.”

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. बाजूच्या दोन बायकाही बघायला लागल्या. मला वाटलं, आता या रडतील, नाहीतर तशाच घरी परत जातील आणि जन्मभर बोलून दाखवतील.

“आगं मंग सांगायचं न्हाई का आधी,” त्या म्हणाल्या. “मला कुठं बोलायची हौस हाय? गप बसले असते तर तुला वाटलं असतं, म्हातारी पहारा करायलीय. म्हणून बोलत व्हते.”

त्या इतके दिवस, त्यांना नको असताना, कुठली कुठली भावकी आठवून आठवून बोलत होत्या. आणि मी मनात त्यांना नावं ठेवत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नाही, आणि तेवढ्यात बस लागली.

“मग आता पहारा नको ना,” मी चढताना म्हटलं. “घरी थांबलात तरी चालेल तुम्हाला. कुणी काही म्हणत नाही आता.”

“घरी?” त्या म्हणाल्या. “घरी मला तरी कोण बसू देतंय?”

एवढं बोलून त्या पुढे गेल्या आणि माझ्यापासून चार-पाच बाकं सोडून एका खिडकीशी बसल्या. शेजारी एक बाई येऊन बसली, तिने काहीतरी विचारलं. आत्याबाईंनी मान हलवली आणि बाहेर बघायला लागल्या. मी मोबाइल काढला. बराच वेळ काही सुचेना. त्यांच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत बसले. गंगाखेडच्या पुलावर आलो तेव्हा कुठे एक ओळ आली, मग दुसरी, आणि मग अंगठा थांबला नाही.

राणीसावरगाव आलं. सगळे उतरले. मी अर्ध्या वाक्यात होते. कंडक्टर नवा होता, कोवळा पोरगा. मोकळ्या बसमध्ये दोन बाया, एक पुढे, एक मागे, दोघी हलायला तयार नाहीत. तो पुढच्या बाकापाशी जाऊन म्हणाला, “मावशी, शेवटचा स्टॉप आला. उतरायचं न्हाई का?”

आत्याबाईंनी खिडकीवरची नजर काढली नाही.

“न्हाई बाबा,” त्या म्हणाल्या, “आमचं काम चालू हाय.”