उसना वर्ग

ही गोष्ट मी पन्नासाहून अधिक वर्षं सांगत आलो आहे, पण अर्धीच. लग्नकार्यात, शिक्षकांच्या मेळाव्यात, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा लोक म्हणायचे, गुरुजी, ती तपासणीची गंमत सांगा. मी सांगायचो, लोक पोट धरून हसायचे, आणि हसू ओसरायच्या आत मी प्यायला पाणी मागायचो. पाण्याच्या पुढे गोष्ट कधी गेली नाही. आज पुढचीही लिहितो.

मी एकवीस वर्षांचा होतो. पनवेलहून सायकलने तासाभरावर, खाडीकाठच्या एका गावात माझी एकशिक्षकी शाळा होती. पहिली ते चौथी, पटावर सदतीस मुलं, फळा एक आणि गुरुजी एक. दिवाळीपर्यंत शाळा भरलेली असे. मग मिठाचा हंगाम लागला की गावातली घरंच्या घरं आगरावर, म्हणजे मिठागरावर, झोपड्या घालून राहायला जायची. आईबाप मीठ ओढायचे, थोरली पोरं टोपल्या वाहायची, धाकटी त्यांच्याहून धाकट्यांना सांभाळायची. शाळेत उरायची अकरा. वैशाखात घरं परत यायची, पण पोरं शाळेत परत येतीलच असं नसे. सहा महिन्यांत पाढे विसरलेले असत आणि खालच्या वर्गात बसायची लाज वाटे.

मी मात्र हजेरीपटावर सदतीसच्या सदतीस हजर लिहीत होतो. हजेरी घसरली की स्कूल बोर्ड बदली करायचं, आणि बदली म्हणजे नेऱ्याच्या पलीकडे डोंगरातली एखादी शाळा. माझं तर लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मुलगी पनवेलच्या आसपास देणार, डोंगरात नाही. तेव्हा मी रोज सकाळी सव्वीस मुलांना लेखणीने शाळेत आणून बसवत होतो.

चौथीत एक मुलगी होती. बारा वर्षांची, गणितात माझ्याही पुढे. मी फळ्यावर उदाहरण मांडेपर्यंत तिचं उत्तर पाटीवर तयार असे आणि ती माझ्याकडे जरा दयेने पाहत असे. तीही हंगामात आगरावर गेली. पण दर गुरुवारी पनवेलच्या बाजाराला जाताना आईला रस्त्यात थांबवून ती शाळेत डोकावे आणि आठवड्याची उदाहरणं उतरवून नेई. एका गुरुवारी ती म्हणाली,

"गुरुजी, पोरां समदी आगरावर हायत, मंग शाला हिकडं कशाला?"

मला हसू आलं. पण तिने सगळं ठरवून आणलं होतं. भर दुपारी उन्हात काम थांबतं, तेव्हा दोन तास, मीठ साठवायच्या मांडवात. फळा तिचा बाप उचलून आणणार होता. बापाने तिला अटही घातली होती: शाळा आगरावर आली तर चौथी पुरी करून पुढे सातवीपर्यंत शीक, नाही आली तर यंदा शाळा संपली. मी बोर्डाला अर्ज करायला सांगितलं. मजकूर मी सांगितला, अक्षर तिचं, खाली सव्वीस बापांचे अंगठे. एका हाताने मी त्याच सव्वीस मुलांना हजर लावत होतो आणि दुसऱ्या हाताने ती शाळेत येत नाहीत असं बोर्डाला कळवत होतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. लग्न ठरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते.

महिन्याने कार्ड आलं: तपासनीस साहेब सोमवारी शाळेत येत आहेत. गंमत सांगताना मी म्हणायचो, मला वाटलं नेहमीची तपासणी. ते खोटं आहे. कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, 'मिठागरावरील वर्गाच्या अर्जासंबंधी'. मी ती ओळ दोनदा वाचली होती.

त्या काळी आम्हा शिक्षकांत एक रीत होती. लग्नात मोठी पातेली उसनी आणतात तशी तपासणीला मुलं उसनी आणायची. शेजारच्या गावच्या गुरुजींनी मला अठरा मुलं दिली. गूळशेंगदाणे माझे, आणि परत नेताना मोजून नेणार असं त्यांनी बजावलं. मोजायला स्वतःच आले आणि खिडकीसमोरच्या चिंचेखाली लपून बसले. उरलेल्या आठ जागा मी गावात हाताला लागेल त्याने भरल्या. तिसरीत बसवलेल्या एकाला मिसरूड होतं आणि गेल्याच वर्षी त्याचं लग्न झालं होतं. त्याला मी मागच्या रांगेत वाकून बसायला सांगितलं.

साहेब आले, धोतर सावरून खुर्चीवर बसले आणि पट हातात घेऊन नावं वाचू लागले. एका नावाला दोघांनी "हजर" म्हटलं. पुढच्या नावाला कोणीच बोलेना, म्हणून आधीच्या दोघांतला एक पुन्हा बोलला. साहेबांनी पहिलीतल्या एका पोराला जवळ घेऊन विचारलं, तुझे गुरुजी कोण? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग प्रामाणिकपणे खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ते. चिंचेखाली विडी वडतात ते."

मी म्हटलं, मुलाचे काका आहेत, लाडाने गुरुजी म्हणतो. साहेब काही बोलायच्या आत दारात एक तरुण बाई आली. आत पुरुषमंडळी पाहून तिने पदर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली,

"आवो, आयकता का? म्हस सुटली."

तिसरीचा विद्यार्थी उठला आणि साहेबांच्या पुढून निघून गेला.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"त्याची बहीण," मी म्हटलं.

"फारच आदबशीर बहीण आहे," साहेब म्हणाले.

इथपर्यंत लोक हसतात. इथे मी पाणी मागतो.

साहेबांना सगळं कळलं होतं, पण नवा वर्ग म्हणजे त्यांनाही नवी कटकट होती. त्यांनी पिशवीतून तो अर्ज काढला. म्हणाले, यात तर लिहिलंय सव्वीस मुलं आगरावर आहेत, आणि इथे वर्ग भरलेला. तेवढ्यात ती मुलगी दारात उभी राहिली. साहेब येणार हे तिच्या कानावर गेलं होतं आणि ती आगरावरून चालत आली होती. पाय घोट्यापर्यंत मिठाने पांढरे. तिच्या जागेवर शेजारच्या गावची मुलगी बसली होती आणि तिच्या नावाला हजर म्हणून गेली होती.

"साहेब, त्यो अर्ज मी लिवलाय," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती कोण हे सांगितलं असतं तर पट खोटा, नोकरी गेली, लग्न मोडलं. मी म्हटलं,

"साहेब, ही आपल्या शाळेतली नाही."

ती वाद घालणारी मुलगी होती, पण गुरुजींना खोटं पाडायचं नाही हे तिला घरी शिकवलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेली. साहेबांनी शेराबुकात लिहिलं: उपस्थिती समाधानकारक, मिठागरावर वर्गाची आवश्यकता दिसत नाही.

वैशाखात माझं लग्न थाटात झालं. जूनमध्ये मी तिच्या घरी गेलो. बाप म्हणाला, बोर्डाने नाय म्हटलं, मंग मी तरी काय करू, गुरुजी? त्या हंगामातच ती मीठ ओढायला लागली होती. त्याने मला चहा पाजला आणि वर माझेच आभार मानले.

पुढे दुसऱ्या गावी मुख्याध्यापक झाल्यावर मी आगरावर असा वर्ग चालवला. कोणाला न विचारता. दुपारचे दोन तास, मांडव आणि एक फळा. हंगाम संपला आणि बहुतेक सगळी मुलं शाळेत परत आली. इतकं सोपं होतं ते.

त्या तपासणीनंतर बाराएक वर्षांनी ती मला पनवेलच्या बाजारात दिसली. वालाच्या शेंगा विकत होती. मी तोंड चुकवायच्या आत तिने हाक मारली आणि शेजारच्या बाईला कौतुकाने सांगितलं,

"हे आमचे गुरुजी. मी यांच्या शालेत व्हते."

तिला सांगायचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी विचारलं, शेंगा कशा दिल्या?

मग मी दर गुरुवारी जाऊ लागलो. त्या हंगामात घरी इतके वाल शिजले की बायकोने विचारलं, डॉक्टरांनी सांगितलेत का? दर वेळी वाक्य पाठ करून जायचो आणि पिशवी भरून परत यायचो. पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरीच बाई बसली होती. त्या बाईने सांगितलं, ती गेली तापाने, श्रावणात.

वाक्य फार लांब नव्हतं. बाय, मी साहेबांशी खोटं बोललो. तू माझ्याच शाळेतली होतीस.