सटवाआबांची भुकटी

सटवाआबा कोंबड्यांचं खाणं आधी स्वतः चाखून बघत. यात नवल ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण ते खाणं कशाचं होतं हे तुम्हाला अजून ठाऊक नाही.

केजकडच्या आमच्या गावात ओढ्याच्या काठी आबा मेलेल्या ढोरांची कातडी कमावत, आणि मी त्यांच्याकडून कातडं घेऊन चपला शिवायचो. कातडं चुन्यात घालण्याआधी आतल्या बाजूचं मांस खरवडावं लागतं. बाकीचे लोक ते कुत्र्यांपुढे टाकत. आबा ते धुऊन कढईत उकळत, वर आलेली चरबी कातडं मऊ करायला बाजूला ठेवत, उरलेला चोथा छपरावर वाळवून उखळात कुटत. त्या भुकटीत ज्वारीचा कोंडा मिसळला की चिमूटभर जिभेवर टाकत आणि डोळे मिटून म्हणत, "मीठ कमी हाय."

"आबा, कोंबड्यांना काय कळतंय?" मी विचारलं.

"त्यांना बोलता येत न्हाई म्हणून तर आपुन चाखायचं. आपल्या तोंडात जात न्हाई ते दुसऱ्याच्या चोचीत घालू न्हाई."

त्या खुराकावर कोंबड्या अशा माजल्या की कवडी नावाची एक तर मांजराला हुसकून लावायची. पण निजामाच्या राज्यात कोंबडी माजवणं म्हणजे संकटाला आवतण. अंमलदार दौऱ्यावर आला की कोंबड्या गावानं पुरवायच्या, आणि पाटलांचा माणूस थेट आबांचं खुराडं गाठायचा. त्या दिवशी आबा जेवत नसत. "पाटलाच्या घरी कोंबड्या न्हाईत का? कावून माझ्याच?" असं मला विचारत. पाटलांना विचारायची सोय नव्हती.

एका मुक्कामाला कवडीची पाळी आली. आबा तिला काखेत मारून स्वतःच छावणीवर गेले, मागून मी. अंमलदाराचा खानसामा वयस्क आणि मोठा पापभीरू माणूस. कोंबडीचं वजन बघून तो चकित झाला. "क्या खिलाते जी इसको?"

आबांना खोटं बोलणं जमत नसे. त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली, खरवडण्यापासून कुटण्यापर्यंत सगळं सांगितलं आणि चिमूटभर तोंडात टाकली. मग पुरचुंडी त्याच्यापुढे धरली. "बघा चाखून."

खानसामा मटकन खाली बसला. असलं खाणारी कोंबडी लगेच कापायची नसते, आधी काही दिवस बांधून साफ दाणा घालावा लागतो, असा त्याचा धर्म. सरकारी ज्वारीचं पोतं सुटलं. कवडी तंबूच्या खुंटीला बसून ज्वारी खात राहिली, आणि तिची मुदत भरायच्या आत छावणीच वडवणीकडे हलली. आबा तिला घरी घेऊन आले. "लई नखरेल झाली," म्हणाले, "आता कोंड्याकडं बघंना."

जाताना खानसाम्यानं पाटलांना बजावलं होतं, पुढच्या खेपेला फक्त साफ दाणा खाणाऱ्या कोंबड्या पाठवा. तशा कोंबड्या पाटलांच्याच घरी होत्या, आणि त्यांत त्यांचा जीव की प्राण असा तुरेवाला कोंबडा होता.

पुढच्या दौऱ्याची वर्दी आली तसे पाटील ओढ्यावर हजर झाले. हा माणूस एरवी आमच्या वाटेनं जाताना नाकाला उपरणं लावायचा, आमची सावली चुकवायचा. आज म्हणाला, "सटवा, मूठभर भुकटी दे. कोंबड्यांपुढं टाकतो."

आबांनी मूठ भरली, पण हात पुढे केला नाही. "देतो की, मालक. पर आदी चाखावं लागतंय. चाखल्याबिगर मी कुणाच्या कोंबडीला घालू देत न्हाई."

आबा थट्टा करत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. पाटलांनी मागे वळून बघितलं. मी होतो, पण मला ते माणसात धरत नसत. त्यांना कोंबडा आठवला असावा. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"मीठ?" आबांनी अदबीनं विचारलं.

"कमी हाय," पाटील म्हणाले आणि भुकटी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी मीठ वाढवलं. मरेपर्यंत ते लोकांना सांगत, "मी एकटाच म्हणत होतो तवर खात्री नव्हती. मग पाटलांनीबी तेच सांगितलं."