लान्सोनेसचं माप

फिलिपिन्समधल्या लिलिव गावच्या उतारावर, चपलांच्या गल्लीत आलिंग एपांगचं, म्हणजे एपांगमावशीचं, दुकान खालून तिसरं. बाई ठेंगणी, बासष्टीची, आणि तोंड असं की गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधी दोनदा विचार करतं. अबाकाच्या, म्हणजे केळीसारख्या एका झाडाच्या, धाग्याच्या चपला ती स्वतः शिवते. नंबरावर तिचा विश्वास नाही. लांबच्या माणसाला चप्पल हवी असेल तर त्याने कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवून घ्यायची आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. "नंबर कारखान्याचा असतो, पाय माणसाचा," असं ती म्हणते.

तिच्या कामाच्या पाटामागे भिंतीवर असाच एक जुना कागद चिकटवलेला आहे. तिची मुलगी मारिविक सहा वर्षांची असतानाचा पाय. रेघ सगळीकडे नीट आहे, फक्त तळव्याच्या पोकळीपाशी वेडीवाकडी झाली आहे. तिथे पेन्सिल आली की पोरगी हसत सुटायची आणि पाय काही स्थिर राहायचा नाही.

मी रुएल. मनिलात आठ वर्षं कॉल सेंटरात परक्यांच्या शिव्या खाल्ल्या, मग आई आजारी पडली म्हणून गावी आलो आणि गल्लीतल्या दुकानांची फेसबुकवरची पेजं सांभाळू लागलो. आयुष्यात चपलेला एक टाका घातला नव्हता, पण चपला कशा विकाव्यात हे सगळ्यांना सांगायचो. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

पहिल्याच महिन्यात मी मशीनकडून चित्रं काढून घेतली. समुद्रकिनारा, सुंदर मुलगी, पायात एपांगच्या चपला. मुलीच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. मला दिसली नाहीत, गल्लीला दिसली. समोरच्या दुकानातला मांग किको ('मांग' म्हणजे आमच्याकडे काका) रोज दारात येऊन विचारायचा, "एपांग, सहाव्या बोटाचे पैसे वेगळे का गं?" मग मी पैसे भरून जाहिरात पसरवली. ती कुठल्याशा बर्फाच्या देशात जाऊन पोचली. चार हजार लोकांनी अंगठे दाखवले, त्यातला एकही अंगठा चपलेत जाणारा नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तर हसून विसरता आलं असतं.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं, ते आधीच सांगतो. मारिविक आठ वर्षांपूर्वी घरकामाला इटलीत गेली. तिथे एका माणसाबरोबर राहू लागली, त्याची बायको-मुलं इकडे बातांगास प्रांतात. एपांगला कळलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस." मारिविकने ठेवला नाही. फोनही केला नाही. खाण तशी माती. दोघींच्या माना सारख्याच ताठ.

दोन-अडीच वर्षांनी एपांगच्या लाइव्हवर एक नवं खातं आलं. नाव लान्सोनेस, आणि चेहऱ्याच्या जागी लान्सोनेसचाच घोस, आमच्याकडची ती पिवळसर गोड फळं. लाइव्हवर मात्र तयार जोड नंबरानेच विकावे लागतात; चप्पल आवडली की खाली 'माइन', म्हणजे 'माझी', लिहायचं, ज्याचं आधी त्याची वस्तू. लान्सोनेसने लहान मुलीच्या लाल चपलेवर 'माइन' लिहिलं, नंबर पाच. पैसे आले नाहीत, पत्ता आला नाही. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तीच लाल चप्पल, नंबर सात. मग आठ. मग नऊ. मग अकरा.

एपांगच्या परसात लान्सोनेसचं झाड आहे. ते मारिविकने लावलेलं.

एपांग कुणाला काही बोलली नाही. तिने लान्सोनेसला कधी निरोपही पाठवला नाही. विचारलं आणि ते खातं नाहीसं झालं तर, ही धास्ती. दर वर्षी ती तो जोड बाजूला काढायची आणि काचेच्या कपाटात आधीच्या जोडांशेजारी ठेवायची. आपल्याला नात आहे आणि ती वाढते आहे, एवढी एकच बातमी तिला वर्षातून एकदा मिळायची.

आणि मला काय दिसलं? पाच वेळा माल अडवून एकदाही पैसे न देणारं गिऱ्हाईक. अशांना आमच्याकडे जॉय रिझर्व्हर म्हणतात, नुसती अडवून ठेवायची हौस असणारे. त्यांच्यापायी खरी गिऱ्हाइकं हातची जातात, म्हणून प्रत्येक दुकानदार त्यांच्यावर दात खाऊन असतो. मी जुलैमध्ये उत्तरं देणारं मशीन बसवलं. ते एपांगसारखं बोलावं म्हणून तिची तीन वर्षांची उत्तरं त्याला शिकवली, बुडव्यांना दिलेल्या शिव्यांसकट. मग सांगितलं, जॉय रिझर्व्हर शोध आणि काढून टाक. मशीनने एका दुपारी एकतीस जण काढले. मी खूश होऊन एपांगला म्हणालो, "घर झाडून दिलं बघा तुमचं." तिने मला खायला बिबिंका, आमच्याकडचा तांदळाचा केक, दिला.

सप्टेंबर लागला की आमच्याकडे नाताळ लागतो. पहिल्या रविवारी एपांग लाइव्हला बसली. केस विंचरलेले, कानांत मोत्याचे डूल. लाल चप्पल तिने मुद्दाम तीनदा दाखवली. "बारा नंबर आहे, तेराही आहे," असं म्हणून ती पडद्याकडे बघत राहायची. दोन तासांनी फोन बंद करून तिने मला विचारलं, "लान्सोनेस आलं होतं का रे?"

"कोण? तो फुकट्या? त्याला कधीच हाकललं मशीनने."

एपांग पाटावर बसली. "काय म्हणून हाकललं ते दाखव."

मी दाखवलं. फोन लांब धरून, ओठ हलवत तिने वाचलं. मशीनने लिहिलं होतं: पाच वेळा अडवलंस, एकदाही आली नाहीस. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. खाली नाव, आलिंग एपांग.

"हे मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "म्हटलं होतं."

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. गिऱ्हाईक कोण, ते का येतं, न घेता का जातं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं की येणारा प्रत्येक माणूस विकत घ्यायलाच येतो. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

मी बंदी उठवली, पण त्या बाजूला कोण बघत असेल याची खात्री कशी देणार? "मशीन बंद कर," एपांग म्हणाली, "आणि ते तोंड दाखवायचं परत लाव."

ती पुन्हा लाइव्हला बसली. कपाटातले पाच जोड तिने पाटावर ओळीने मांडले. सगळी गल्ली बघत होती. "हे विकायचे नाहीत," ती म्हणाली. "खाली काही लिहू नका. लान्सोनेस, बाळा, या वेळचं मी लिहिलेलं नाही, या रुएल गाढवाच्या मशीनने लिहिलंय. पण पहिल्या वेळी मीच बोलले होते. ते मी परत घेते. तू पैसे देऊ नकोस, पत्ता देऊ नकोस. नुसता नंबर सांग."

मी तिला तीस वर्षं ओळखतो. तिने कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. मांग किको दारात उभा होता. त्या दिवशी त्याने सहाव्या बोटाचं नाव काढलं नाही.

उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. एपांगने अंदाजाने बारा नंबरचा जोड शिवला, म्हणाली, "एवढाच असेल." रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती माझ्या दारात यायची. विचारायची काही नाही, नुसती उभी राहायची, आणि मी मान हलवली की जायची. परसात लान्सोनेस पिकून खाली पडत होते. तिने ते कुणाला वेचू दिले नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी, मृतांच्या सणाची फुलं बाजारात आली त्या दिवशी, फोनवर एक फोटो आला. शब्द एकही नाही. पांढरा कागद, त्यावर पेन्सिलने काढलेला लहान पाय, आणि शेजारी पट्टी. पट्टी ठेवायची हे मारिविकला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मी पट्टीवरून मोजून तो बरोबर पायाएवढा छापला आणि धावत नेऊन दिला. एपांगने बारा नंबरची चप्पल त्यावर ठेवली. बोटं बाहेर येत होती.

"लहान झाली," ती म्हणाली, आणि हसली.

मग चप्पल बाजूला करून तिने रेघेवरून बोट फिरवलं. टाच, कड, बोटं, आणि आतली बाजू. तळव्याच्या पोकळीपाशी बोट थांबलं. तिथे रेघ वेडीवाकडी झाली होती.