गुडघ्याएवढी खोली

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गिरडहून वर्ध्याला येणाऱ्या एस.टी.त माझ्या शेजारचा माणूस मांडीवर एवढीशी बाज घेऊन बसला होता. कंडक्टरने ती टपावर टाकायला सांगितली, तर म्हणाला, "वर ऊन लागन जी तिले."

बाज त्याच्या दोन वर्षांच्या पोरीची होती. नालवाडीच्या नव्या घरात एक लहानशी खोली जास्तीची निघाली, ती त्याने तिलाच देऊन टाकली होती.

"सारं तिच्या हाताले लागलं पाह्यजे," असं म्हणत बाज माझ्या मांडीवर ठेवून तो उठला आणि चालत्या बसमध्ये खोली दाखवू लागला. तळहात गुडघ्याशी धरला, ती झाली खुंटी. तिच्यावरचा फ्रॉक ती स्वतः काढून घेईल. पाण्याचा गडू खालच्या फळीवर. भिंतीला फिका हिरवा रंग, "डोयाले थंडा." मग तो मधल्या वाटेत उकिडवा बसला आणि पोरीच्या उंचीवरून आम्हा सगळ्यांकडे बघू लागला. तिकिटं फाडायची सोडून कंडक्टरही वाकला.

समोरच्या म्हातारीने विचारलं, "रात्री भेली तं?"

"खोलीले दारच नाई लावलं, आजी. उठली का येईन चालत."

वर्ध्याला तो खाली उतरला आणि मी खिडकीतून बाज त्याच्या हाती दिली. तेव्हा पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"ती झोपन जी. पोटावर तिचा पाय पडल्याबिगर मलेच झोप येत नाई."

एवढं बोलून त्याने बाज डोक्यावर घेतली आणि रिक्षाची वाट न बघता नालवाडीच्या दिशेने जवळजवळ धावतच सुटला.