प्रल्हादचे तीन अर्ज

चार जुने पत्रकार एकत्र बसले की चहा निवून जातो, पण किस्से काही संपत नाहीत. माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकट्या प्रल्हादचे आहेत. लोक पोट धरून हसतात, म्हणून मी सांगत आलो. खरं बोलायचं तर सांगून झाल्यावर माझी मलाच लाज वाटते, कारण तेव्हाही आम्ही नुसते हसतच होतो.

कर्नाटकच्या सीमेलगतच्या मुरूम गावातून आमचं चार पानी साप्ताहिक निघायचं. मालक, संपादक आणि छापखान्याचे धनी एकच, ते म्हणजे अप्पा. घरात कन्नड, छापखान्यात मराठी आणि राग आला की दोन्ही! मी प्रुफं तपासायचो आणि प्रल्हाद सिनेमाचं सदर लिहायचा. आमच्या भागात सिनेमावर लिहिणारा दुसरा कुणी असलाच, तर तो मला भेटला नाही.

\*

गावात तंबू टॉकीज होती. शेजारच्या गावातही त्याच मालकाचा दुसरा तंबू आणि दोन्हीकडं मिळून सिनेमाची एकच प्रत. इथं एक रीळ संपलं की माणूस ते सायकलवर टाकून तिकडं पळायचा आणि तिकडचं इकडं आणायचा. एकदा सायकल वाटेत बसली आणि शेवटचं रीळ आलंच नाही. लोक शिव्या घालत घरी गेले.

प्रल्हादनं परीक्षण लिहिलं. शेवटची ओळ अशी होती: "चित्रपटाचा शेवट कसा आहे ते सांगता येत नाही, कारण तो पंक्चर झाला."

अप्पा म्हणाले, "एनप्पा, शेवट गोड झाला म्हणून लिहायचं की! कोण इचारतंय?"

"म्या बघिटलं न्हाई ते लिहिणार न्हाई," प्रल्हाद म्हणाला. असा हा माणूस!

\*

मग पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक आलं. सिनेमा आणि करमणुकीवर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठी फेलोशिप! सहा महिने पुण्यात राहायचं, रोज सिनेमे बघायचे आणि जाणकारांकडून शिकायचं. प्रल्हादला ते पत्रक दोन दिवसांत पाठ झालं.

"आंधळ्यावानी लिहितो हो म्या," तो मला म्हणाला. "पडद्यावर चित्र कसं धरतेत, कसं जोडतेत, एकदा कुणी दावलं तर जन्मभर लिहीन." त्याला दुसरं काहीच नको होतं. मला मात्र त्या वेळी गंमत वाटली.

अर्जाला दहा परीक्षणांची कात्रणं जोडायची होती. आमच्या तंबूत येणारा सगळ्यात ताजा सिनेमा सहा वर्षांपूर्वीचा. त्यानं इमानदारीत त्याच जुन्या सिनेमांची कात्रणं पाठवली. उत्तर आलं: "चित्रपटाच्या इतिहासाविषयीचा आपला अभ्यास स्तुत्य आहे. तथापि ही फेलोशिप चालू चित्रपटांवर लिहिणाऱ्यांसाठी आहे."

इतिहासकार, इतिहासकार म्हणून आम्ही त्याला महिनाभर छळलं.

\*

पुढं दुष्काळ पडला. सहकारी सोसायट्यांच्या जाहिराती बंद झाल्या, कागद मिळेना आणि चार पानांची दोन झाली. अप्पांनी सिनेमाचं सदर काढून तिथं टँकरच्या वेळा टाकल्या. प्रल्हाद इतका गयावया करू लागला की शेवटी मागच्या पानावर, बरोबर त्या वेळांच्या पाठीमागं, त्याला चार बोटं जागा मिळाली. तेवढ्यातही तो जीव ओतून लिहायचा.

त्या वर्षी संस्थेनं अट बदलली. जुने सिनेमेही चालणार होते! पण कात्रणं कुठून आणायची? कागद वाचवायला अप्पा मोजक्याच प्रती छापत आणि सगळ्या विकून टाकत. कार्यालयात एकही उरलेली नव्हती.

प्रल्हाद घरोघर फिरला. पेपर होता, पण प्रत्येक घरात टँकरच्या वेळा कापून, खळ लावून भिंतीला चिकटवलेल्या. परीक्षण भिंतीकडं तोंड करून! एका घरी त्यानं हळूच नखानं कोपरा उचकटायला घेतला, तशी म्हातारी कडाडली, "आरं, टँकर कवा येतंय ते फाडून नेतूस व्हय? मंग आमी प्यावं काय?"

त्यानं उचकटलेला कोपरा परत नीट दाबून बसवला आणि निघून आला. मग आठवून आठवून दहाही परीक्षणं हातानं लिहिली, खाली अप्पांचा शिक्का घेतला आणि पाठवली. उत्तर आलं: "हस्तलिखित मजकूर ग्राह्य धरला जात नाही."

या वेळी आम्ही त्याला छळलं नाही.

\*

पाण्याबरोबर गिऱ्हाईकही आटलं, तेव्हा तंबूवाल्यानं आपला तंबू उचलून दुष्काळी कामावर नेला. पगाराच्या दिवशी तिथं माणसं मिळायची. प्रल्हाद मागोमाग गेलाच.

पडद्यावर नायक-नायिका धबधब्याखाली भिजत गाणं म्हणत होते. तंबूत चिडीचूप. एक बाई उभी राहून ओरडली, "ते माणसं सरकवा की बाजूला! पाणी दिसू द्या!" गाणं संपलं तसा सगळा तंबू उठला आणि तेच रीळ परत लावायला लावलं. चार वेळा! पुढचा सिनेमा कुणी बघितलाच नाही.

त्यावर प्रल्हादनं जो लेख लिहिला, तसा लेख मी पुढं मोठमोठ्या पेपरांतही वाचला नाही. प्रुफं तपासताना माझे डोळे भरून आले. पण तो अंक निघालाच नाही. त्याच आठवड्यात अप्पांनी छापखान्याला कुलूप लावलं.

तिसऱ्या अर्जाला संपादकाचा दाखला लागत होता. अप्पांनी लिहून दिलं: "प्रल्हाद आमच्या साप्ताहिकात होता. साप्ताहिक आता नाही. प्रल्हाद आहे."

या अर्जाला उत्तरच आलं नाही.

\*

मला सोलापुरात एका दैनिकात नोकरी लागली. वर्ष जायच्या आत साहेबांनी मला आमच्याच भागात पाठवलं. पुण्याच्या त्याच फेलोशिपला निवडलेली मुलं दुष्काळी कामांवर फिरून, खेड्यातली माणसं सिनेमा कसा बघतात याचा अभ्यास करणार होती. त्याची बातमी हवी होती.

खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत डोक्याला टॉवेल गुंडाळून प्रल्हाद बसला होता. मी पुढं होणार तेवढ्यात त्यानं डोळ्यांनीच मला थांबवलं.

एक चुणचुणीत मुलगी वही घेऊन नेमकी त्याच्याचसमोर बसली. "मामा, तुम्ही सिनेमा बघता का हो कधी?"

"बघतो की."

"काय आवडतं त्यात?"

प्रल्हादनं हातोडा खाली ठेवला आणि बोलायला लागला. धबधब्याच्या गाण्यापासून सुरुवात केली. लोक कशाला हसतात, कुठं गप्प होतात, एका चित्राला दुसरं चित्र लागलं की मनात काय होतं, सगळं सांगितलं. मुकादम दोनदा ओरडून गेला, तरी तो थांबला नाही. मुलगी भराभरा लिहून घेत होती. वहीची पानं संपली तेव्हा तिनं मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

"मामा, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई."

मी तोंड फिरवलं. मला ते बघवेना.

मुलगी उठली. वही पिशवीत टाकत म्हणाली, "खूप छान बोललात. आता तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

बाकी सगळ्यांनी तिला टँकरचं नाहीतर मजुरीचंच विचारलं होतं. प्रल्हादनं हातातला खडा ढिगावर टाकला. मग म्हणाला, "ताई, तुमी अर्जात काय लिहिलं व्हतं?"